आरएक्स १००: ओल्या क्लचसाठी गिअरबॉक्सचं तेल (प्रकल्प नोंदी)

गाडी: यामाहा आरएक्स १००, १९९३ मॉडेल. ९८ सीसी टू-स्ट्रोक, चार गिअर, ऑटोल्यूब पंप (पेट्रोलबरोबर जळणारं २टी तेल इंजिनाला पुरवणारा) चालू स्थितीत.
जागा: शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. चाचणीचा रस्ता: कोल्हापूर ते पन्हाळा, वाघबीळचा चढ धरून.
काम: ओल्या, म्हणजे तेलात बुडून चालणाऱ्या, क्लचची तक्रार काढणे आणि या इंजिनाला कायमचं एक तेल ठरवून टाकणे.

६ जानेवारी २०२४

तक्रारी दोन आहेत आणि वरवर पाहता एकमेकींच्या उलट. सकाळी थंड गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली की क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे झेपावते आणि बंद पडते. म्हणजे क्लच चिकटतो, पूर्ण सुटत नाही. आणि गाडी तापल्यावर वाघबीळच्या चढाला चौथ्यात थ्रॉटल पूर्ण दिला की रेस वाढते, गाडी पळत नाही. म्हणजे क्लच स्लिप मारतो.

एकच क्लच सकाळी चिकटतो आणि दुपारी घसरतो, तेव्हा संशय आधी तेलावर जातो. तरी तेलाला दोष देण्याआधी केबल पाहून घ्यायची. लिव्हरच्या बुडाशी २ ते ३ मिमी मोकळी चाल हवी. चाल शून्य असेल तर प्रेशर प्लेट कायम थोडी उचललेली राहते आणि जगातलं कुठलंही तेल टाकलं तरी क्लच स्लिपच मारणार. इथे चाल २.५ मिमी भरली. केबल निर्दोष.

स्लिपची चाचणी अशी केली: इंजिन पूर्ण तापवून, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला थ्रॉटल एकदम पूर्ण. आरपीएमचा काटा आणि वेगाचा काटा एकत्र चढले पाहिजेत. इथे आरपीएमचा काटा आधी उडी मारतो आणि वेग मागून रांगत येतो. किकवरून हे कळत नाही, हे लक्षात ठेवायचं. आरएक्सला प्रायमरी किक आहे, किकचा जोर क्लच प्लेटांतून जात नाही, थेट क्लच हाऊसिंगच्या मोठ्या गिअरला मिळतो. येझदी किंवा जुन्या बुलेटवर स्लिप मारणारा क्लच किक मारतानाच पाय खाली घसरवून सांगतो. आरएक्स सांगत नाही.

चिकटण्याची चाचणी: रात्रभर उभी गाडी, सकाळी सात, हवा सुमारे १५ अंश. पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबून दोरीने हँडलला बांधलेला, इंजिन बंद. पुढे स्प्रिंगकाटा अडकवून गाडी सपाट कोब्यावर ओढायची. न्यूट्रलमध्ये काटा ३ किलोच्या आसपास. गिअरमध्ये क्लच दाबून ९ किलो, आणि पहिला झटका त्याहून जास्त. हा फरक प्लेटांमध्ये अडकलेल्या तेलाचा.

७ जानेवारी

तेल काढलं. इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट केलं, गाडी मधल्या स्टँडवर, खाली पसरट ट्रे. ड्रेन बोल्ट सोडताना पाना नीट बसलेलाच हवा. केस अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि तीस वर्षांत कुणी ना कुणी तो बोल्ट जन्माचा आवळलेला असतो.

तेल आलं ४८० मिली, यायला हवं ६०० च्या आसपास. इतकं कमी का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवला. घट्ट, काळपट, आणि वास गंधकाचा, सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा. हा वास एकदा ओळखीचा झाला की बाटली बघावी लागत नाही. हे ९० नंबरचं ईपी (दात्यांवरच्या जबर दाबासाठी रसायनं घातलेलं) गिअर ऑईल.

ट्रेमध्ये जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. लोखंडाचा बारीक चुरा आला, वयाच्या मानाने नेहमीइतका. चुंबकाला न चिकटणारे काळे मऊ कण बरेच होते, ते कॉर्कचे. दाताचा तुकडा एकही नाही, म्हणजे गिअर शाबूत.

आता ९० नंबर इथे आलं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ही चूक आळसातून होत नाही, नियम पाळण्यातून होते. नियम असा की गिअरबॉक्स म्हटलं की ९०. कारच्या गिअरबॉक्सचा क्लच कोरडा आणि वेगळ्या खोलीत असतो. जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, आणि क्लच प्रायमरी केसमध्ये तिसऱ्याच तेलात. तिथे गिअरबॉक्सच्या तेलाचा क्लचशी संबंधच येत नाही, ९० खुशाल चालतं. आरएक्समध्ये मात्र गिअर, प्रायमरीचे दाते आणि क्लचच्या प्लेटा एकाच तेलात बसलेल्या. टू-स्ट्रोक असल्यामुळे इंजिनाच्या वंगणाचं काम २टी करतं, आणि खालच्या तेलाला सगळे ‘गिअर ऑईल’ म्हणतात. नावामुळे घोटाळा. प्रत्यक्षात ते क्लचचं तेल आहे, गिअर त्यात फुकट भिजतात.

पुण्यात आकुर्डीला बनलेल्या चेतकचंच बघा. तिच्याही गिअरबॉक्समध्ये ओला क्लच आहे, आणि तिला लागायचं २५० मिली एसएई ३०, म्हणजे इंजिनाचंच तेल. तिथेही दुकानदार ‘गिअर ऑईल’ म्हणूनच द्यायचा.

९ जानेवारी

तेल निवडण्याचा दिवस. यामाहाच्या त्या काळातल्या छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या पुस्तिकांत गिअरबॉक्ससाठी १०डब्ल्यू-३० (पहिला आकडा थंडीतल्या घट्टपणाचा, दुसरा तापल्यावरच्या), एपीआय या अमेरिकन संस्थेच्या एसई दर्जाचं इंजिन ऑईल सांगितलेलं असे. एसई हा सत्तरच्या दशकातला दर्जा, आज त्या नावाची बाटली मिळणार नाही. आजचं एसएल किंवा एसएन दर्जात कितीतरी वर आहे, पण फक्त एपीआय बघून ते टाकता येत नाही. कारण मधल्या काळात कारच्या तेलांत इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं आली, मोलिब्डेनमची वगैरे. पिस्टनच्या भिंतीला ती वरदान आहेत. क्लचच्या प्लेटेला घर्षण हाच पोटापाण्याचा धंदा, तिला ती मारक.

म्हणून जपानी मोटारसायकल उद्योगाने १९९८ मध्ये जासो टी ९०३ हे वेगळं मानक आणलं. त्यात तेल क्लचच्या प्लेटांवर चालवून तीन गोष्टी मोजतात: फिरत्या प्लेटा पकडताना होणारं घर्षण, पकडल्यानंतर टिकणारं घर्षण आणि थांबायला लागणारा वेळ. त्यावरून एमए (पकड जास्त) किंवा एमबी (पकड कमी). २००६ नंतर एमएचे आणखी दोन वर्ग झाले, एमए१ आणि एमए२. एमए२ ची पकड सगळ्यात जास्त.

दुकानाच्या फळीवर काय काय दिसतं आणि त्यातलं काय उचलायचं नाही:

१०डब्ल्यू-३० एमबी. सगळ्यात मोठा सापळा हाच. ऑटोमॅटिक स्कूटरसाठी हे तेल सर्रास विकलं जातं, तिचा क्लच कोरडा असतो. आकडा आपल्याला हवा तोच, बाटलीही तशीच, फरक फक्त मागच्या बाजूच्या दोन अक्षरांचा. काही कंपन्या आपल्या ओल्या क्लचच्या नव्या मोटारसायकलींनाही एमबी सांगतात. त्या क्लचची रचना आणि स्प्रिंग त्या तेलाला धरून केलेली असते. त्यावरून आरएक्सला एमबी चालेल असा अर्थ काढायचा नाही.

कारचं ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२०. एपीआयच्या गोल शिक्क्यात खालच्या अर्ध्या भागात ‘एनर्जी कन्झर्विंग’ किंवा ‘रिसोर्स कन्झर्विंग’ लिहिलं असेल तर बाटली परत फळीवर.

जीएल-५ दर्जाचं (जीएल हा गिअर ऑईलचा एपीआय दर्जा) ८०डब्ल्यू-९०. यात गंधक-फॉस्फरसची ईपी रसायनं जीएल-४ पेक्षा साधारण दुप्पट. ती ट्रकच्या डिफरन्शियलमधल्या हायपॉइड दात्यांसाठी असतात, जिथे दाते एकमेकांवर घासत सरकतात. आरएक्सचे गिअर सरळ दात्यांचे, त्यांना ईपीची गरजच नाही. शिवाय गरम अवस्थेत ही रसायनं पितळ आणि ब्राँझच्या बुशला खातात.

ट्रॅक्टरचं वेट-ब्रेक ऑईल. उसाच्या पट्ट्यात हे घरात पडलेलं असतं आणि ‘ओल्या ब्रेकला चालतं तर ओल्या क्लचला का नाही’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण ओल्या ब्रेकचा किरकिराट थांबवायला त्यात मुद्दाम घर्षण मऊ करणारी रसायनं घातलेली असतात.

२टी. हसू नका. जासो एफसी, एफडी ही अक्षरं टू-स्ट्रोकच्या जळणाऱ्या तेलाची आहेत, गिअरबॉक्सच्या तोंडात ती बाटली रिकामी झालेली दिसते.

आकड्यांबद्दल एक गैरसमज इथेच मोडायचा. ९० हे ४० पेक्षा दुपटीहून घट्ट नसतं. गिअर ऑईलची मोजपट्टी एसएई जे३०६ आणि इंजिन ऑईलची जे३००, दोन्ही वेगळ्या. १०० अंशाला इंजिनाचं ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. गिअरचं ९० जवळपास १३.५ पासून पुढे, म्हणजे इंजिनाच्या ४० आणि ५० च्याच घरात. ‘९० घट्ट म्हणून गिअरला बरं’ हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही. दुखणं घट्टपणापेक्षा रसायनाचं आहे. सकाळी चिकटण्याचा भाग मात्र घट्टपणाचाच: ४० अंशाला साधं ९० नंबर १९० सेंटिस्टोकच्या आसपास, २०डब्ल्यू-४० सुमारे १२५, १०डब्ल्यू-३० सुमारे ७०. १५ अंशाला हे अंतर आणखी रुंदावतं.

निवड: दोन तेलं, दोन्ही या इंजिनात चालवून बघायची. पहिलं २०डब्ल्यू-४० एमए, खनिज, कारण गावोगाव मिळतं. दुसरं १०डब्ल्यू-३० एमए२. टू-स्ट्रोक गिअरबॉक्ससाठीच बनवलेली तेलंही मिळतात (मोतुलचं ट्रान्सऑईल १०डब्ल्यू-३० त्यातलं), पण उद्या गगनबावड्यात तेल लागलं तर तिथल्या टपरीवर मिळेल असंच काहीतरी ठरवायचं होतं.

१३ जानेवारी

क्लच उघडला. किक लिव्हर काढला, ऑईल पंपाची केबल आणि नळी सोडली, नळीचं तोंड लगेच बंद केलं. कव्हरचे स्टार स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने काढायला जायचं नाही, डोकी गोल होतात. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडीचा एक ठोका. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी खोचला.

कॉर्कच्या प्लेटा काळ्या आणि काचेसारख्या चकचकीत. जाडी २.६ ते २.७ मिमी, नव्या आणलेल्या ३.०. शिवाय ईपी तेल कॉर्कच्या पोटात मुरलेलं आहे. पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून, पॉलिश पेपर मारून प्लेटा परत टाकणारे आहेत. तापल्यावर मुरलेलं तेल परत वर येतं आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा दारात. प्लेटा बदलल्या.

स्टीलच्या प्लेटा जाड काचेवर ठेवून कडेने ०.०५ मिमीचा फिलर गेज घालून पाहिला. एक सोडून सगळ्या सपाट. त्या एकीवर निळसर डाग, म्हणजे घसरून तापलेली. ती बदलली, बाकीच्यांवर २४० नंबरचा पॉलिश पेपर गोलाकार फिरवून चकाकी घालवली. पंच केलेल्या प्लेटेची एक कड धारदार आणि एक गोलसर असते. सगळ्यांची धार एकाच दिशेला ठेवली.

हाऊसिंगच्या बोटांवर प्लेटांच्या कानांनी खाचा पाडल्या होत्या, नखाला अडकतील एवढ्या. सकाळच्या चिकटण्यात यांचाही वाटा: प्लेट बाजूला सरकायला जाते आणि खाचेत अडकते. बारीक कानसने उतार दिला, सगळ्या बोटांवर सारखा. फार घासलं तर प्लेट खडखडते. खाच अर्धा मिमीच्या पुढे गेली असती तर हाऊसिंगच बदलावं लागलं असतं. तेल बदलून या खाचा बऱ्या होत नाहीत.

नव्या कॉर्क प्लेटा २०डब्ल्यू-४० मध्ये रात्रभर बुडवून ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर गाडी पहिल्यांदा क्लच सोडून उचलतानाच पृष्ठभाग करपतो.

१४ जानेवारी

कव्हर उघडं आहे तोवर आतली जागा रॉकेलने ब्रशने धुतली, फडक्याने पुसली, हवा मारली. बंद गिअरबॉक्समध्ये रॉकेल किंवा डिझेल टाकून ‘फ्लशिंग’ करायचं नाही. ते बेअरिंगच्या मागच्या कोनाड्यांत राहतं आणि नव्या तेलाला पातळ करतं.

स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोर, दोन-दोन फेरे करत आवळले. ज्या खांबांत ते बसतात ते अ‍ॅल्युमिनियमचे, जोर दाखवायची जागा नाही. नवं पॅकिंग कोरडंच. सीलंट थापलं की आतल्या बाजूला त्याचे मणी लोंबतात आणि तुटून तेलात फिरतात.

ड्रेन बोल्टला नवा वॉशर, वॉशर दबल्याचं हाताला कळलं की थांबायचं.

तेल मोजपात्राने ६५० मिली. सगळं उघडून कोरडं केलेल्या इंजिनाला एवढं लागतं. नुसतं ड्रेन करून बदलताना थोडं जुनं आतच राहतं, तेव्हा ६००. ‘एक लिटरची बाटली आणली आहे तर टाकून देऊ’ हे करू नये: जास्त तेल क्लच ढवळत बसतो, फेस होतो, ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून) बाहेर येतं आणि थंडीत चिकटणं वाढतं.

ऑईल पंपाची नळी सुटली होती, म्हणून हवा काढणं सक्तीचं. पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुड्याशिवाय २टी येईपर्यंत वाहू दिलं. मग इंजिन आयडलवर ठेवून पंपाची केबल हाताने पूर्ण ओढून धरली. आणि तरीही पहिल्या लिटरभर पेट्रोलमध्ये २० मिली २टी मिसळलं. क्लच दुरुस्त करून पिस्टन जाम केल्याची कामं याच एका पायरीमुळे होतात.

१५ जानेवारी

सकाळी सात, हवा जवळपास तीच. स्प्रिंगकाट्यावर ५ किलो. आधी ९ होतं. पहिल्या गिअरला हलकासा टक्, झेप नाही. वाघबीळच्या चढाला चौथ्यात पूर्ण थ्रॉटल, आरपीएम आणि वेग एकत्र. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर क्लच अर्धवट धरून रेस करायची नाही, प्लेटा बसायला हव्यात.

२८ जानेवारी, ३२० किमी

पहिलं तेल काढलं. नव्या कॉर्कचा चुरा आणि कोपऱ्यांतून सुटलेला जुना काळेपणा. गंधकाचा वास अजून किंचित आहे. म्हणूनच हा लवकरचा बदल. पुन्हा २०डब्ल्यू-४०, ६०० मिली.

१७ मार्च, १,३०० किमी

क्लच उत्तम. पण कोमट तेल मोजून काढलं तर ५०० मिली. ६०० टाकलं होतं. ७ जानेवारीला वहीत लिहिलेला प्रश्न परत समोर आला.

बाहेर गळती आहे का ते आधी पाहिलं: पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील, गिअर शाफ्टचं सील, किक शाफ्टचं सील, ड्रेन बोल्ट. टाल्कम पावडर फवारून वीस किलोमीटर चालवलं. सगळीकडे पावडर कोरडी. मग १०० मिली गेलं कुठे? उतारावर थ्रॉटल बंद करून खाली आल्यावर पुन्हा उघडला की मागे पांढरट धुराचा लोट. प्लग ओलसर.

टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पेटीत) पिस्टन वर जाताना पोकळी तयार होते. क्लचकडचं क्रँक सील कडक झालं की ती पोकळी गिअरबॉक्समधून तेल ओढते आणि इंजिन ते जाळतं. म्हणजे ही गाडी गिअर ऑईल पीत होती, आणि ९० नंबर टाकण्यामागे ‘घट्ट टाकलं की कमी पिईल’ हा हिशेब असण्याची दाट शक्यता. हिशेब अगदी चूक नाही, घट्ट तेल खरंच सावकाश जातं. फक्त त्याची किंमत क्लच भरतो.

२० मार्च

प्रेशर टेस्ट. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर काढून एक्झॉस्टचं तोंड रबर आणि पट्टीने बंद, इनटेकला व्हॉल्व्ह बसवलेली प्लेट, प्लगच्या जागी प्लग. सायकलच्या पंपाने ५ पीएसआयपर्यंत हवा, त्यापुढे नाही, नाहीतर चांगली सीलंही उलटतात. निरोगी इंजिन हा दाब काही मिनिटं धरून ठेवतं. इथे काटा अर्ध्या मिनिटात शून्यावर. साबणाचं पाणी डावीकडे, मॅग्नेटोच्या बाजूला लावलं, बुडबुडे नाहीत. गिअरबॉक्सचं भरण्याचं बूच उघडून कान लावला तर फुसफुस स्पष्ट. उजवं सील गेलं आहे.

६ एप्रिल

केस उघडून दोन्ही क्रँक सील आणि मेन बेअरिंग बदलली. फक्त उजवं सील बदलून भागलं असतं का? कदाचित. पण डावं त्याच वयाचं, आणि ते गेलं की तेल जात नाही, बाहेरची हवा आत येते, मिश्रण कोरडं होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन धरतो. धूर दाखवणारं सील परवडलं, न दाखवणारं नाही. सील बसवताना ओठांना ग्रीस, शाफ्टच्या खाचांवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा.

इंजिन कोरडं झालंच आहे, तर आता दुसरं तेल: १०डब्ल्यू-३० एमए२, ६५० मिली. दाब पुन्हा तपासला, पाच मिनिटं काटा जागेवर.

१२ मे, २,४०० किमी

उन्हाळ्याची चाचणी मुद्दाम. हवा ३८ अंश, पन्हाळ्यावर पोहोचल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने क्लच कव्हर ७८ अंश. पातळ तेलाच्या भीतीला उत्तर या आकड्यात आहे. ग्रेडमधला ३० किंवा ४० हा आकडा १०० अंशाला मोजतात, पण टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्सला ज्वलनाची उष्णता थेट मिळत नाही, तो तेवढा तापतच नाही. ७५-८० अंशाला १०डब्ल्यू-३० वीस सेंटिस्टोकच्या आसपास राहतं. फोर-स्ट्रोकच्या तापलेल्या इंजिनात ४० नंबर जेवढं घट्ट असतं, त्याहून हे कमी नाही.

स्लिप नाही. गिअर पडताना आवाज स्वच्छ, न्यूट्रल सिग्नलवर सहज सापडतो. २०डब्ल्यू-४० वर तो कधीकधी शोधावा लागायचा. तोटा एकच: तिसऱ्या गिअरची गुणगुण कानाला थोडी जास्त येते. तो आवाज दात्यांच्या जुन्या झिजेचा आहे, घट्ट तेल त्यावर पांघरूण घालतं एवढंच.

घट्टपणा टिकण्याचा मुद्दाही इथेच. मल्टिग्रेड तेलातले लांब पॉलिमर गिअरचे दाते कातरतात, आणि काही हजार किलोमीटरनंतर तेल आपल्या आकड्याच्या खाली उतरतं. २०डब्ल्यू-४० पेक्षा १०डब्ल्यू-४० मध्ये हे जास्त, कारण दोन आकड्यांमधलं अंतर जेवढं मोठं तेवढे पॉलिमर जास्त. १०डब्ल्यू-३० मध्ये अंतर लहान. एसएई ३० किंवा ४० मोनोग्रेडमध्ये पॉलिमर नसतातच, चेतक त्यावर आयुष्यभर चालली ती उगाच नाही.

२९ जुलै, ३,९०० किमी

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली त्या आठवड्यात गाडी गुडघाभर पाण्यातून गेली. दुसऱ्या दिवशी क्लच ओढत होता. तेल काढलं तर चहात दूध ओतल्यासारखं.

गरम गिअरबॉक्स पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या नळीतून किंवा किक शाफ्टच्या म्हाताऱ्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. अशा तेलावर ‘दोन दिवस चालवून उडवून टाकू’ म्हणायचं नाही. कॉर्क पाण्याने फुगतो, स्टीलच्या प्लेटा गंजून त्याला चिकटतात. पाणी तेलाखाली बसतं, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून ड्रेन बोल्ट सावकाश सोडला. आधी नुसतं पाणी आलं, सुमारे पेलाभर, मग दूध. स्वस्तातलं २०डब्ल्यू-४० एमए ६०० मिली टाकून पंधरा किलोमीटर फिरवून गरम असतानाच काढलं. दुसऱ्या खेपेला किंचित धूसर, तिसऱ्या खेपेला स्वच्छ. मग १०डब्ल्यू-३० एमए२.

किक शाफ्टचं सील बदललं, ब्रीदरची नळी लांब करून टाकीखाली वर वळवली.

२२ सप्टेंबर, ५,२०० किमी

कोमट तेल मोजून काढलं: ५९० मिली. टाकलं होतं ६००. दहा मिली ट्रेला आणि फडक्याला.

चुंबकावर चुरा जानेवारीच्या पावपट. कॉर्कचे कण शोधून दोन-चार. सकाळचा स्प्रिंगकाटा ४ किलोच्या जरा वर, पण हवा २२ अंश आहे. खरी तुलना जानेवारीतच होईल.

या गाडीच्या टाकीखाली, सीट उचलल्यावर दिसेल अशी पट्टी चिकटवली: १०डब्ल्यू-३०, जासो एमए किंवा एमए२, ६०० मिली, दर ३,००० किमी आणि पावसाळा संपल्यावर एकदा. न मिळाल्यास २०डब्ल्यू-४० एमए. ९० नाही, एमबी नाही, कसलंही ‘घर्षण कमी करणारं’ ट्यूबमधलं मलम नाही. मोजून काढलेलं तेल ५५० च्या खाली आलं तर तेलाची कंपनी बदलू नये, प्रेशर टेस्ट करावी.

पुढची नोंद जानेवारीत, थंडीच्या सकाळी.